नायी म्हणजे कुत्रं

नातीच्या शाळेतून एक पुस्तक घरी आलं होतं. मुलांसाठीची कादंबरी, एका पोराची आणि त्याच्या कुत्र्याची. वरच्या पुठ्ठ्यावर कुत्र्याचं चित्र, एक कान उभा, दुसरा पडलेला. मी तिसरी शिकलो, ती पण पुरी नाही. पण मला वाचता येत नाही असं कुणी समजू नये. जोडाक्षराला अडतो, पण अडलं म्हणून त्याच्यावरून उडी मारत नाही, तिथंच बसून ते फोडतो. ते पुस्तक मी असं फोडून फोडून सगळं वाचलंय. त्यामुळं त्याच्याबद्दल बोलायचा मला हक्क आहे, आणि ज्यानं कुणी ते लिहिलं त्याच्यावर रागवायचाही.

आमचं घर अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागच्या अंगाला. सगळा जन्म मी टॉवेलच्या मागांवर काढला. आधी कामगार होतो, मग जॉबर झालो, म्हणजे बिघडलेला माग चालू करून देणारा. मुलगा पुण्याला गाडीवर ड्रायव्हर असतो, सणावाराला येतो. घरात आम्ही चौघं. मी, बायको, सून आणि दहा वर्षांची नात. सून एका कारखान्यात टॉवेलच्या कडा शिवते. सकाळी जाते ती दिवेलागणीला येते.

बायको अक्कलकोटच्या खालच्या अंगाची. माहेर सगळं कन्नड. मलाही दोन्ही भाषा येतात, आम्ही दोघं एकमेकांशी कन्नडच बोलायचो. सून सांगोल्याकडची, तिला कन्नडातलं ओ की ठो कळत नाही, म्हणून बायको तिच्याशी आणि नातीशी मराठीत बोलायची. चांगली ठसक्यात बोलायची. रस्त्यावरच्या भाजीवाल्याला मराठीत गप्प करणारी बाई होती ती. मग एका सकाळी तिच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं आणि वाचा बसली. डॉक्टर म्हणाले, बोलणं थोडंफार परत येईल, पण कुठलं येईल ते सांगता येत नाही. कधीकधी माणसाला लहानपणीची भाषा तेवढी राहते, मागून शिकलेली जाते.

दिवाळी होऊन गेली, संक्रांत झाली, तिच्या तोंडून एक शब्द फुटला नाही. डोळ्यांनी सगळं कळायचं. नात शाळेतून आली की तिच्याकडं बघून डाव्या अंगानं हसायची. संध्याकाळी नातच तिला भरवायची, दुधात भाकरी कुस्करून. सुनेच्या हातून ती दोन घास खायची, माझ्या हातून तेवढेही नाही. नातीच्या हातून वाटी संपवायची.

अशात एक दिवस नात शाळेतून आली ती कुत्र्याचं पिल्लू घेऊन. चहाच्या टपरीमागं सुताच्या कचऱ्यात सापडलं म्हणे. सगळ्या अंगाला रंगीत सूत चिकटलेलं. पोरगी उंबऱ्यात उभी, छातीशी पिल्लू धरलेलं. त्या दिवशी सुनेला सुट्टी होती. ती आतून ओरडली, "टाक ते भाईर! आत्या धडधाकट असत्या तर त्येला उंबरा शिवू दिला नसता."

खरं होतं ते. बायकोचं सोवळं लई कडक. गळ्यातलं लिंग हातात घेऊन पूजा झाल्याशिवाय पाणी न पिणारी ती. तिच्या राज्यात कुत्रं कधी ओट्याच्या वर आलं नव्हतं.

तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. "ना...यी."

घरात सगळं थांबलं. सुनेच्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

"आगं बाई, आत्या बोलल्या! मामा, आत्या बोलल्या!" मग लगेच पोरीकडं वळून, "बघ, त्याबी न्हाई म्हणत्यात. टाक ते भाईर."

"न्हाई म्हणत न्हाई ती," मी म्हणालो. "नायी म्हणती. कन्नडात कुत्र्याला नायी म्हणत्यात. कुत्रं वळखलं तिनं."

"तुमाला कुटं ऐकू येतंय मामा? मागांच्या खडखडीत कान गेल्यात तुमचं."

"माज्या बायकोचं मला ऐकू येतं."

कुत्रं राहिलं. घरात माझा शब्द चालतो, आणि तो दिवस भांडायचा नव्हताच. सून डोळ्याला पदर लावून हसत होती. नात सारखी पिल्लू खाटेजवळ न्यायची आणि म्हणायची, "आज्जी, परत म्हण." आणि आज्जी म्हणायची, "नायी."

त्याचं नाव तेच पडलं. आमच्या गल्लीत निम्मे मराठी, शेजारी मुसलमान, पलीकडं तेलुगू विणकरांची घरं. कन्नड कुणाला येत नव्हतं. त्यामुळं सगळ्यांना ते नाव 'नाही' असंच ऐकू आलं आणि पोरांना चांगला खेळ मिळाला.

"नाही हाय का घरात?" एक पोरगं ओट्यासमोर येऊन विचारायचं.

"नाही न्हाई. नाही भाईर गेलंय," नात आतून ओरडायची, आणि सगळी गल्ली हसायची.

दीड वर्षात कुत्रं चांगलं अंगानं भरलं. तांबूस, शेपटीचं टोक पांढरं. दिवसभर गल्लीत उंडगायचं, पण संध्याकाळी बायकोला खुर्चीत बसवून ओट्यावर आणलं की खुर्चीखाली येऊन पडायचं. तिचा लुळा हात खाली लोंबायचा, तो चाटत बसायचं. त्या हाताला काही कळत नव्हतं, पण ती वाकून बघायची. बोलणं आणखी थोडं आलं होतं. 'बा' म्हणायची, म्हणजे ये. 'नीर' म्हणायची, म्हणजे पाणी. सगळं कन्नड. मराठीतलं फक्त एकदा, सून जास्तीची भाकरी वाढायला लागली तेव्हा, "नको" म्हणाली. चांगलं स्पष्ट. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. ते मी इथं सांगतोय कारण लपवण्यात अर्थ नाही.

नातीला कुत्र्याच्या गळ्यात पट्टा हवा होता. मी बांधू दिला नाही. गळ्यात पट्टा बांधलेलं कुत्रं मला बघवत नाही, आजही नाही.

त्याच दिवसांत ते पुस्तक आलं. संध्याकाळी भरवून झालं की नात ओट्यावर मांडी घालून मोठ्यानं वाचायची. बायको खुर्चीत, कुत्रं खुर्चीखाली, मी पायरीवर. गोष्ट डोंगराकडच्या गावातली. पोराला आईबाप नाहीत, काकाकडं राहतो. त्याला एक कुत्रं सापडतं. काकूला कुत्रं आवडत नाही. गोष्टीतली काकू म्हणजे नुसती काकूच असते, तिला दुसरं काही काम नसतं. भांडी आपटते, भाकरी मोजून देते. पोर शाळेत गेलेलं बघून ती एक दिवस कुत्रं ट्रकवाल्याला देऊन टाकते. ट्रकवाला विचारतो, कुणाचं आहे? काकू म्हणते, कुणाचं नाही.

इथं नात थांबली. "किती दुष्ट आहे ही," म्हणाली. बायकोनं वाकून कुत्र्याकडं बघितलं. पुस्तक तिथंच मिटलं, पुढचं उद्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जोंधळ्याचं दळण घेऊन गिरणीत गेलो होतो. वीज गेली, गिरणी थांबली, मी तिथंच बसून राहिलो. जाताना बायकोला खुर्चीत ओट्यावर बसवलं होतं, सावली होती म्हणून. तेवढ्यात कुत्री धरणारी गाडी गल्लीत आली. ती वर्षातून एखादवेळेस येते, कुत्री नेते, ऑपरेशन करून आणून सोडते असं म्हणतात. त्या वेळी बाहेर दोनच माणसं होती. एक माझी बायको, आणि समोरची चाची, तिच्या दारात लसूण सोलत बसलेली. तिचा नवरा रिक्षा चालवतो. चांगली माणसं आहेत, आमचं घर त्यांना परकं नाही.

दळण घेऊन मी आलो तर खुर्चीखाली कुत्रं नव्हतं आणि बायकोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओट्यावर एका बाजूला तिची शाल पडलेली. चाची धावत आली.

"बाबा, गाडीवाले आए थे. जाळी टाकले, लेके गये."

"आन् तू बगत बसलीस?"

"मैं बोली ना, इनका है करके. वो बोल्या, मालक समोर बसलेत, त्यांना विचारतो की. आजी को पूछ्या, आजी, तुमचं हाय का कुत्रं? आजी बोले, नई."

"नई म्हणाली?"

"मैं खुद सुनी बाबा. दो-तीन बार बोले. नई, नई. हात बी हलाए, ऐसा." चाचीनं डावा हात हलवून दाखवला. कुणाला हाकलताना हलवतात तसा तो होता. बोलावताना हलवतात तसाही.

मी तिला तिथंच समजावून सांगितलं. नायी म्हणजे कुत्रं. बायको म्हणत असणार 'नम्म नायी', म्हणजे आमचं कुत्रं. ती डोक्याला हात लावून बसली. "या अल्ला. तुमची भाषा बी ना बाबा." पण तोवर नात गल्लीच्या तोंडाशी आली होती, आणि पोरांनी तिला आधीच गाठलं होतं. पोरांना बातमी द्यायची घाई असते. "तुजं नाही गेलं! तुज्या आज्जीनंच दिलं, न्हाई म्हणून सांगितलं!"

ती घरात आली, दप्तर न टाकता आज्जीसमोर उभी राहिली. मला वाटलं रडेल. ती नुसती बघत राहिली. बायकोनं डावा हात पुढं केला. पोरगी मागं सरकली.

"काकूसारखं केलंस तू," ती म्हणाली.

त्या संध्याकाळी तिनं आज्जीला भरवलं नाही.

दुसऱ्या दिवशी चाचीच्या नवऱ्याच्या रिक्षातून मी कुत्री ठेवतात त्या ठिकाणी गेलो. पिंजरे पिंजरे फिरलो. तांबूस कुत्री पुष्कळ होती, आमचं नव्हतं. तिथला माणूस काही वाईट नव्हता. त्यानं चहा पण विचारला. म्हणाला, "आजोबा, पट्टा नव्हता, मालकीणबाई नाही म्हणाल्या, म्हणून रस्त्यावरचं समजून घेतलं. आमी परत जिथल्या तिथं सोडतो, पण एखादं आणतानाच गाडीतनं उडी मारून पळतं. तुमी वाट बघा, येतंय की." मी म्हणालो, "ती न्हाई म्हणाली न्हाई." तो माझ्याकडं बघत राहिला. रिक्षावाल्यानं मला दंडाला धरून बाहेर आणलं.

मग मी सायकल काढली. एमआयडीसीतले सगळे रस्ते मला पाठ आहेत. रोज सकाळी निघायचं, कारखान्यांच्या भिंतीकडेनं, कचऱ्याच्या ढिगांवर, ढाब्यामागं. तोंडानं हाक मारायची, "नायी, नायी." सकाळच्या पाळीला सायकलवरून जाणारे कामगार वळून बघायचे. एकानं ओळखलं, माझ्या हाताखाली शिकलेला. "जॉबर, कुणाला न्हाई म्हणताय?" मी सायकल पुढं दामटली. नव्या जागी कुत्रं गेलं की तिथली कुत्री त्याला टिकू देत नाहीत, फाडतात. हे मला ठाऊक होतं. घरी येऊन मी ते सांगितलं नाही, उद्या परत जातो एवढंच म्हणायचो.

घरात दुसराच वाद पेटला होता. मी नातीला समोर बसवून सांगितलं. "हे बग, कन्नडात न्हाई म्हणायचं आसलं तर 'इल्ला' म्हणत्यात. आज्जीला मराठी ऱ्हायली न्हाई. तिला न्हाई म्हणायचं आसतं तर ती इल्ला म्हणाली आसती. ती नायी म्हणाली, म्हंजे कुत्रं म्हणाली. आमचं हाय म्हणून सांगत हुती."

पोरगी हुशार आहे. थोडा विचार केला आणि म्हणाली, "पण आबा, आज्जी 'नको' म्हणाली होती मराठीत. मग 'नाही' पण म्हणता येईल ना?"

"एकदाच म्हणाली ती."

"मग हे दुसऱ्यांदा."

सून भाकरी थापता थापता म्हणाली, "आन् मामा, पयल्या दिवशीबी मला न्हाईच ऐकू आलं हुतं. तुमीच म्हणालासा नायी म्हणून."

मी तिच्यावर ओरडलो. कशासाठी ओरडलो ते तिलाही कळलं असणार, कारण तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

"आबा, मग आज्जीलाच विचारा," नात म्हणाली. "कन्नडात विचारा."

मी खाटेजवळ गेलो. कन्नडात, एकेक शब्द सुटा करून विचारलं. गाडीवाल्याला तू काय म्हणालीस? कुत्रं म्हणालीस, का नाही म्हणालीस? ती माझ्या तोंडाकडं बघत होती. वाकडा ओठ थरथरला. "ना...यी," ती म्हणाली. मी परत विचारलं. तिनं परत तेच म्हटलं. त्या वाकड्या तोंडातून मधलं अक्षर 'य' येतंय का 'ह' येतंय, मी कान तिच्या ओठाला लावला तरी मला कळलं नाही.

"काय म्हणाली?" नातीनं मागून विचारलं.

"कुत्रं म्हणाली," मी म्हणालो.

पण त्या दिवसापासून माझी झोप गेली. दीड वर्ष मी घरात सगळ्यांना सांगत आलो की माझी बायको कुत्र्याला हाक मारते. सोवळ्यात जन्म गेलेली ती बाई. हात लुळा, उठता येत नाही, कुत्रं तिचं बोट चाटतंय, आणि ती म्हणतेय, नाही, नाही. आणि आम्ही सगळे टाळ्या वाजवतोय, आज्जी, परत म्हण. असं असलं तर? मग मला तिचं वाकून बघणं आठवायचं, आणि गाडी गेल्यावरचं डोळ्यांतलं पाणी. ते पाणी कुत्र्यासाठी होतं का जाळीवाल्या माणसांच्या भीतीनं, कोण सांगणार? चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि एका अक्षराशी येऊन मी अडलो. हे जोडाक्षर मला फोडता आलं नाही.

तिकडं तिचं खाणं तुटलं. नात भरवेना. सून भरवायला गेली की एक घास घ्यायची आणि तोंड फिरवायची. तिची नजर दाराकडं, पोरगी कुठं आहे बघत. पोरगी त्या खोलीत यायचीच नाही. गालाची हाडं वर आली. डॉक्टर म्हणाले, काहीही करून पोटात जाऊ द्या, नाहीतर नळी घालावी लागेल.

नातीनं पुस्तकाचा पुढचा भाग एकटीनं वाचून काढला होता. एके दिवशी माझ्याकडं आली, पुस्तक उघडून. खूप दिवसांनी तिच्या तोंडावर काहीतरी उजेड होता.

"आबा, मला कळलं कुत्रं का येत नाही ते."

गोष्टीत असं होतं की पोराला ताप भरतो. काकू त्याच्या उशाशी बसते, आणि तिला पश्चात्ताप होतो. ती पोराचा हात धरून म्हणते, चुकलं रे माझं. आणि सकाळी दार उघडलं तर कुत्रं दारात. पाय रक्ताळलेले, कितीतरी डोंगर चालून आलेलं.

"आज्जी चुकलं म्हणाली की येईल," नात म्हणाली.

"आगं, त्ये पुस्तक हाय."

"मग काय झालं? बाकीचं सगळं तसंच झालं ना?"

बाकीचं तसंच झालं होतं.

मग ती खोलीत जायला लागली. त्यानं आधी बरं वाटलं. पण ती वाटी घेऊन जात नव्हती. खाटेशी उभी राहून म्हणायची, "आज्जी, चुकलं म्हण. एकदाच म्हण ना. मराठीत जमत नसेल तर सॉरी म्हण." रोज शाळेतून आली की हेच. बायको तिच्याकडं बघायची, तोंड उघडायची, आवाज फुटायचा नाही.

मी पोरीला दटावलं. "माजी बायको कुणाची माफी मागणार न्हाई. तिनं काय केलंच न्हाई तर कशाची माफी?"

सून मध्ये पडली. "मामा, मागू द्या की. लेकराचं मन ऱ्हाईल. आत्या दोन घास खातील. तुमची आब जाती का त्यात?"

"जाती. तिची जाती."

"त्यांची आब घिऊन काय करायचं हाय आता? वाटीभर दूध जात न्हाई पोटात!"

मी उठून बाहेर गेलो. पण सुनेचं बोलणं कानातून जाईना. खरं होतं म्हणून जाईना.

एका संध्याकाळी मी खोलीतच बसलो होतो. पोरगी आली, नेहमीसारखी उभी राहिली, पण त्या दिवशी तिनं काही म्हटलंच नाही. थकली असावी. नुसती खाटेच्या पट्टीला टेकून उभी. बायकोनं डाव्या हातानं तिचा फ्रॉक धरला. ओठ हलले. घशातून काहीतरी वर येताना मला दिसलं, जसा मागाच्या दोऱ्यांत अडकलेला धोटा जोर लावल्यावर सुटतो तसा एकदम शब्द सुटला.

"तप्पातु."

लख्ख. एकही अक्षर वाकडं नाही. मी ऐकलं, माझ्या गेलेल्या कानांनी.

पोरगी माझ्याकडं वळली. "आबा, काय म्हणाली? तप्पातु म्हणजे काय?"

तप्पातु म्हणजे चुकलं.

मी दोघींकडं बघितलं. सांगितलं नाही तर पोरगी तशीच दूर राहणार, आणि ही खाटेवर वाळून जाणार. सांगितलं तर हिनं न केलेला गुन्हा कबूल केल्यासारखा होणार, आणि पोरगी कुत्र्याची वाट बघणार. केला होता का केला नव्हता, तेही मला ठाऊक नाही. शब्द बदलून सांगता आला असता. बस म्हणाली, पाणी मागतेय, काहीही. कन्नड जाणणारा घरात मी एकटाच. पण बायको माझ्याकडं बघत होती. तिनं एवढा जोर लावून काढलेला शब्द मी मध्येच गिळून टाकावा, हे मला जमलं नाही.

"चुकलं म्हणाली," मी सांगितलं.

पोरीनं आज्जीच्या गळ्यात हात टाकला. मग पळत स्वयंपाकघरात गेली, दूध-भाकरी घेऊन आली, आणि बायकोनं सगळी वाटी खाल्ली. खाताना दोघी हसत होत्या. सून दारात उभी राहून बघत होती. मी असा आनंद घरात कितीतरी दिवसांत बघितला नव्हता, आणि मला तो बघवत नव्हता, कारण पोरगी मधेच म्हणाली, "आबा, सकाळी दार मी उघडणार हं. तुम्ही उघडू नका."

सकाळी ती सगळ्यांच्या आधी उठली. वेणी न घालता दार उघडलं. ओट्यावर दूधवाल्याच्या पिशव्या होत्या. ती पायरीवर बसली. शाळेची वेळ झाली तरी उठेना. सून कामाला गेली. ऊन चढलं तशी ती सरकत सरकत भिंतीच्या सावलीत गेली. मी म्हणालो, "आत चल, मी सायकलवर बगून येतो." म्हणाली, "नको, ते आपलं आपण येतं." संध्याकाळी पोरं खेळायला आली. त्यांच्यातल्याही कुणी चिडवलं नाही त्या दिवशी.

दोन-तीन दिवस ती दार उघडत राहिली. मग एका सकाळी मी उठलो तर ती अंथरुणातच होती, जागी. "दार तुम्ही उघडा," म्हणाली. पुस्तक त्याच दिवशी शाळेत परत गेलं. त्याच्या आधी मी ते वाचून घेतलं होतं, ती शाळेत नसताना, ओट्यावर बसून. लिहिणाऱ्यानं कुत्र्याचे पाय रक्तानं भरलेले दाखवलेत, एवढं त्याला माहीत होतं. बाकीचं त्यानं पोरांना कशासाठी सांगितलं, ते त्याचं त्याला ठाऊक.

मी सायकल काढणं सोडून दिलं. गुडघा धरतो म्हणून सांगितलं सगळ्यांना.

नात आता आज्जीला भरवते. तिच्या मनात राग नाही. हात वाटीत, तोंडात, परत वाटीत, आणि डोळे भिंतीवर. मला राग असलेला बरा वाटला असता. बायको खाते, पण आता तिला एकच शब्द राहिलाय. बाकीचे सगळे गेले. पाणी मागायचं असलं तरी तेच, सुनेनं कूस बदलून दिली तरी तेच. डॉक्टर आले, त्यांना तेच म्हणाली. चाची भेटायला आली, तिचा हात धरून तेच म्हणाली. चाचीनं विचारलं, "क्या बोलते बाबा उनो?" मी म्हणालो, बरं हाय म्हणते. प्रत्येक घासाला ती नातीकडं बघून म्हणते, "तप्पातु." पोरीला अर्थ माहीत आहे. ती पुढचा घास धरते.

पोरगी उठून गेली की मी खाटेशी बसतो आणि कन्नडात सांगतो, तुझं काही चुकलेलं नाही. ती ऐकते. कळल्यासारखी मान हलवते. आणि म्हणते, "तप्पातु."

काल ती जरा जास्तच म्हणत होती. बाहेरच्या खोलीतून नातीचा आवाज आला. "आबा, आज्जीला गप्प करा ना. माझा उद्या पेपर आहे."

मी उठलो आणि मधलं दार लोटून घेतलं.